भाग १४ : मरणाचं कारण कोण लिहितं?

मागचा भाग फौजेतल्या पाण्याच्या शिस्तीवर होता. आजचा विषय त्यालाच लागून आहे, पण तो मला घरातून सुचला.

माझ्या जन्माआधी आईला एक मुलगी झाली होती. आठ महिन्यांची असताना ती गेली. आमच्याकडे तिचा विषय निघाला की आजी एवढंच म्हणायची, "दातांत गेली बिचारी." म्हणजे दात येताना हगवण लागली आणि त्यात गेली. लहानपणी मला वाटायचं, दात येणं हा काहीतरी भयंकर रोग असणार. माझ्या मुलीला पहिला दात आला तेव्हा मी फील्डवर होतो. पत्र वाचलं आणि दोन रात्री झोप लागली नाही.

पुढे निवृत्तीनंतर मी एकोणिसाव्या शतकातल्या लंडनचा आरोग्याचा इतिहास वाचायला घेतला. तिथल्या मृत्यूंच्या नोंदींत हाच शब्द दिसला. दात. इंग्रज आया, इंग्रज कारकून आणि माझी आजी, तिघांनी एकच कारण लिहिलं होतं, आणि ते तिघांचंही चुकलेलं होतं. म्हणून आज आपण व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या लंडनच्या एका पॅरिशमध्ये जाणार आहोत. लोक तिथे कशाने मरत होते, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, कशाने मेले हे कोण आणि कसं ठरवत होतं, ते पाहू.

पॅरिश म्हणजे काय

पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हाताखालची हद्द. पण तिला फक्त धर्माचं काम नव्हतं. गरिबांना मदत, रस्ते, दिवे, सार्वजनिक विहिरी हे सगळं पॅरिशच पाहायची. आपली ग्रामपंचायत आणि देवस्थानची पंचकमिटी एकत्र केली तर जे होईल, तसं काहीसं. आपण जाणार आहोत ती पॅरिश म्हणजे लंडनच्या वेस्टमिन्स्टरमधली सेंट जेम्स. एका टोकाला उमरावांचे वाडे, दुसऱ्या टोकाला सोहोच्या गल्ल्या. तिथे शिंपी, चांभार आणि छोटे कारागीर एकेका खोलीत कुटुंबासकट राहायचे. १८५१ च्या जनगणनेत या पॅरिशची वस्ती सुमारे ३६ हजार होती.

मरणाची नोंद पूर्वी चर्च ठेवायचं, पण ती दफनाची नोंद असायची. कारण शोधायला पॅरिशने दोन गरीब म्हाताऱ्या नेमलेल्या असत. त्यांना 'सर्चर' म्हणत. त्या घरी जाऊन मृतदेह पाहायच्या आणि घरच्यांना विचारून कारण सांगायच्या. वैद्यकाचं शिक्षण शून्य. हातावर चार पैसे ठेवले की घराला लाज आणणारा आजार बदलून सौम्य आजार व्हायचा. अशा याद्यांमध्ये 'दात', 'म्हातारपण', 'अचानक' अशी कारणं भरपूर असत.

१ जुलै १८३७ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी सुरू झाली. लंडनच्या मुख्य कार्यालयात विल्यम फार नावाचे एक वैद्यकी शिकलेले गृहस्थ आकडे लावायला बसले. त्यांचा आग्रह एकच होता, की कारणांचे शब्द सगळीकडे सारखे हवेत. एका गावात 'ज्वर', दुसऱ्यात 'ताप', तिसऱ्यात 'देवाची इच्छा' असं लिहिलं तर बेरीज करायची कशी? त्यांनी कारणांचं वर्गीकरण तयार केलं आणि १८४५ पासून डॉक्टरांना कारण लिहायचे छापील कोरे दाखले पुरवले गेले. तरीही कारणाचा डॉक्टरी दाखला कायद्याने सक्तीचा व्हायला १८७४ उजाडावं लागलं.

कोण किती जगायचं

१८४२ साली एडविन चॅडविक यांनी कामकरी वर्गाच्या आरोग्यावर अहवाल दिला. त्यातले मरणाच्या वेळच्या सरासरी वयाचे आकडे पाहा. लंडनच्या बेथनल ग्रीनमध्ये प्रतिष्ठित घरांत ४५, व्यापाऱ्यांच्या घरांत २६, आणि कारागीर-मजुरांच्या घरांत १६. लिव्हरपूलमध्ये अनुक्रमे ३५, २२ आणि १५. रटलंड या खेड्यापाड्यांच्या भागात मात्र मजुराच्या घरातही ३८. म्हणजे खेड्यातला मजूर लिव्हरपूलच्या साहेबाहून सरस.

इथे एक खुलासा करतो, कारण हा आकडा नेहमी चुकीचा वाचला जातो. सरासरी १६ म्हणजे मजूर सोळाव्या वर्षी मरत होते असं नाही. जो तिशीपर्यंत पोचला तो पन्नाशी-साठीही पाहू शकत होता. सरासरी खाली ओढत होती ती लहान मुलं. त्या काळात देशभरात हजारातली सुमारे १५० बाळं पहिला वाढदिवस पाहत नसत, आणि दाट वस्तीच्या शहरांत त्याहून जास्त.

मोठी माणसं कशाने मरत? सगळ्यात मोठा मारेकरी क्षय. मग श्वासाचे विकार, आणि 'टायफस' या एका शब्दाखाली कोंबलेले निरनिराळे ताप. उवांमुळे पसरणारा टायफस आणि पाण्यातून येणारा टायफॉइड सरकारी आकड्यांत वेगळे व्हायला १८६९ साल आलं. मुलांमध्ये गोवर, डांग्या खोकला, स्कार्लेट फीव्हर आणि हगवण.

आता त्या 'दातां'कडे येऊ. बाळाला दात येतात साधारण सहाव्या महिन्यापासून. त्याच सुमाराला त्याला आईच्या दुधाखेरीज वरचं दूध, पेज, पाणी सुरू होतं. भांडं घाण, पाणी घाण, दूध नासकं, की हगवण लागणारच. लोकांना दात दिसायचा, कारण तो डोळ्यांसमोर असतो. पाण्यातलं विष कुणाला दिसणार? मग नोंद व्हायची दाताच्या नावाने. एकदा कारण असं लिहिलं गेलं की विषय संपला. दातावर कोण काय करणार?

ब्रॉड स्ट्रीटचा हापसा

कॉलरा इंग्लंडमध्ये पहिल्यांदा १८३१ मध्ये पोचला. आपल्याकडे त्याला पटकी म्हणत. गावात पटकी आली की मरीआईचा गाडा वेशीबाहेर नेऊन सोडायची चाल होती. आपण त्याला अंधश्रद्धा म्हणतो. पण लंडनचे शिकलेले डॉक्टर तरी काय मानत होते? दुर्गंधीतून विषारी हवा उठते आणि ती रोग देते, असं. त्यामुळे वास घालवण्यासाठी घरांखालचे मैलाखड्डे बंद करून मैला गटारांतून थेट थेम्स नदीत सोडायला सुरुवात झाली. त्याच नदीचं पाणी काही कंपन्या नळाने घरोघर पुरवत होत्या. हेतू चांगला, पण परिणाम घातक.

डॉक्टर जॉन स्नो यांचं मत वेगळं होतं. हे भूल देण्याच्या शास्त्रातले जाणकार. १८५३ मध्ये राणीच्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म यांनीच दिला. कॉलरा आधी पोटात होतो, तेव्हा विष तोंडावाटे जात असणार, हवेतून नाही, असं त्यांनी १८४९ मध्येच लिहिलं होतं. कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

३१ ऑगस्ट १८५४ च्या रात्री सोहोत कॉलरा फुटला. ब्रॉड स्ट्रीटवर एका विहिरीवर बसवलेला हापसा होता. पाणी थंड आणि चवीला चांगलं म्हणून त्याची ख्याती होती. त्या हापशापासून अडीचशे यार्डांच्या आत दहा दिवसांत पाचशेहून जास्त माणसं मेली. सगळी मोजदाद झाली तेव्हा आकडा ६१६ वर गेला.

स्नो यांनी पहिलं काम काय केलं? ते फार यांच्या कार्यालयातून मृत्यूंची यादी घेऊन आले. साथीच्या पहिल्या तीन दिवसांत ८३ मृत्यू नोंदले होते. यादी हातात घेऊन ते दारोदार फिरले. फक्त १० मृत्यू अशा घरांत होते ज्यांना दुसरा हापसा जवळ होता. त्यातल्या पाच घरांनी सांगितलं, आम्ही मुद्दाम ब्रॉड स्ट्रीटचंच पाणी आणवतो. आणखी तीन मुलं होती, त्यांची शाळा या हापशाजवळ.

मेलेल्यांइतकंच लक्ष त्यांनी वाचलेल्यांकडे दिलं. जवळच्या वर्कहाउसमध्ये, म्हणजे गरिबांच्या सरकारी आश्रयगृहात, ५३५ माणसं होती. त्यातली कॉलऱ्याने गेली फक्त पाच. कारण तिथे आवारात स्वतःची विहीर होती. त्याच रस्त्यावरच्या दारूभट्टीत सत्तरहून जास्त कामगार, एकही मेला नाही. त्यांना बिअर फुकट मिळायची आणि भट्टीची विहीर वेगळी होती. उलट बंदुकीच्या टोप्या बनवणाऱ्या कारखान्यात दोनशे कामगार. तिथे प्यायला ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याचे पिंप भरून ठेवलेले असायचे. तिथले अठरा गेले. या कारखान्याच्या मालकांची विधवा आई लांब हॅम्पस्टेडला राहायची. जुन्या पाण्याची चव आवडते म्हणून रोज बाटली भरून मागवायची. तीही गेली आणि तिच्याकडे येऊन तेच पाणी प्यायलेली तिची भाचीही गेली. त्या दोघींच्या आसपास कुठेही साथ नव्हती.

७ सप्टेंबरला स्नो पॅरिशच्या बैठकीत गेले आणि हापशाचा दांडा काढायला सांगितलं. पंचांना पटलं असं नाही, पण ८ तारखेला दांडा निघाला. दांडा निघाला आणि साथ थांबली, असं बऱ्याच ठिकाणी सांगतात. ते खरं नाही. साथ तोवर उतरणीला लागली होती, कारण अर्धी वस्ती पळून गेली होती. हे स्नो यांनी स्वतःच प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय. आणि तो प्रसिद्ध नकाशा काढला तो नंतर, लोकांना समजावण्यासाठी. शोध लागला तो यादी घेऊन पायी फिरल्यामुळे.

नोंदवहीतली एक ओळ

पण विहीर बिघडली कशी, हे स्नो यांना सांगता येत नव्हतं. सरकारी आरोग्य मंडळाने त्यांचं म्हणणं फेटाळलं. आता येतात पाद्री हेन्री व्हाइटहेड. वय एकोणतीसच्या आसपास, त्याच वस्तीतल्या चर्चचे सहायक. त्यांनी साथीत घरोघर जाऊन मरणाऱ्यांच्या उशाशी रात्री काढल्या होत्या. स्नो यांचा सिद्धांत त्यांना मुळीच पटला नव्हता. पाणी पिऊन बरे झालेले लोक त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. पॅरिशच्या चौकशी समितीत ते आले ते स्नो यांना खोटं ठरवण्याच्या इराद्याने.

त्यांनी ब्रॉड स्ट्रीटवरचं एकेक घर गाठलं, गरज पडली तिथे चार-पाच वेळा गेले. लोक पाद्रीशी मोकळेपणाने बोलायचे. हिशेब असा निघाला : हापशाचं पाणी प्यायलेल्या १३७ जणांपैकी ८० जणांना कॉलरा झाला. न प्यायलेल्या २९७ पैकी फक्त २० जणांना. स्वतःच गोळा केलेल्या आकड्यांपुढे या माणसाने मान तुकवली. मतापेक्षा पुरावा मोठा मानणारा माणूस मला कुठल्याही पराक्रमी माणसाइतकाच मोठा वाटतो.

पुढे १८५५ साली, मृत्यूंच्या नोंदी दुसऱ्याच कामासाठी चाळताना, त्यांची नजर एका ओळीवर थांबली. ४० नंबरचं घर, ब्रॉड स्ट्रीट. पाच महिन्यांची मुलगी. २ सप्टेंबरला मृत्यू. कारण, हगवणीनंतरचा थकवा. मृत्यूच्या चार दिवस आधी हगवण लागली होती.

कॉलरा हा शब्द तिथे नव्हता. म्हणून कॉलऱ्याच्या मृत्यूंत ही मुलगी कुणी मोजलीच नव्हती. पण व्हाइटहेड यांनी दिवस मोजले. हगवण लागली ती साथ फुटायच्या आधी. आणि ४० नंबरचं घर हापशाच्या अगदी समोर. ते त्या मुलीच्या आईकडे गेले. नवरा पोलीस शिपाई, तोही साथीत गेलेला. आईने सांगितलं, बाळाचे दुपटे बादलीत धुवून ते पाणी मी घरापुढच्या मैलाखड्ड्यात ओतत होते.

खड्डा खणून पाहिला. विटा सडलेल्या, मसाला निघालेला. खड्डा आणि विहीर यांच्यात तीन फुटांपेक्षा कमी अंतर, आणि मधली माती मैल्याने भिजलेली. कोडं सुटलं.

आणि अजून एक गोष्ट. त्या शिपायाला कॉलरा झाला तो ८ सप्टेंबरला, म्हणजे दांडा काढला त्याच दिवशी. तो १९ तारखेला गेला. त्याच्याही बादल्या त्याच खड्ड्यात गेल्या असणार. दांडा जागेवर असता तर काय झालं असतं, याचा विचार करा. दांड्याने पहिली साथ थांबवली नसेल, पण दुसरी बहुधा थांबवली.

ही सगळी उकल एका ओळीवर झाली. कारकुनाने त्या ओळीत 'दात' किंवा 'अशक्तपणा' एवढंच लिहिलं असतं, किती दिवसांचं दुखणं ते लिहिलं नसतं, तर व्हाइटहेड यांची नजर तिथून पुढे गेली असती.

माझी सही

मी लेफ्टनंट असतानाची गोष्ट. आमचा कॅम्प मैदानात लागला होता. दोन दिवसांत तीसेक जवान हगवणीने आडवे झाले. सगळ्यांचा संशय लंगरवर. मीही आचाऱ्यांना फैलावर घेतलं. माझे सुभेदार साताऱ्याकडचे. ते हळूच म्हणाले, "साहेब, जेवण तर समद्यांनी तेच खाल्लंय. पलीकडच्या पोस्टवरची पोरं ठणठणीत हायेत. पाणी कुठनं भरलं ते बघा आधी."

पलीकडच्या पोस्टला पाणी दुसऱ्या ठिकाणाहून जात होतं. आमच्या टँकरमध्ये क्लोरीन टाकल्याची रोजची नोंद रजिस्टरमध्ये होती, आणि तिच्याखाली सही माझी होती. तपासणी मी समोर उभं राहून एकदाही पाहिली नव्हती. कारकून रजिस्टर पुढे करायचा, मी सही करायचो. कुणी दगावलं नाही, हे माझं नशीब. सीओ साहेबांनी मला आठवडाभर पहाटे पाण्याच्या टँकरपाशी उभं केलं. शिक्षा योग्य होती. स्नो आणि व्हाइटहेड वाचले तेव्हा मला सुभेदार साहेब आठवले. कोण आजारी पडलं यापेक्षा कोण पडलं नाही, हा प्रश्न त्यांनी कुठल्याही पुस्तकाशिवाय विचारला होता.

फौजेचा आणि या विषयाचा जुना संबंध आहे. सोहोत साथ फुटली तेव्हाच क्रिमियाचं युद्ध चालू होतं. त्यात ब्रिटिश सैन्याची जखमांपेक्षा रोगांनी कितीतरी जास्त माणसं गेली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल परत आल्यावर त्यांनी मृत्यूंची कारणं मांडून सरकारपुढे ठेवली आणि त्या कामात त्यांना साथ दिली ती याच विल्यम फार यांनी. पुढे हिंदुस्थानातल्या गोऱ्या फौजेची चौकशी झाली, तेव्हा वर्षाला हजारी ६९ सैनिक मरत असल्याचं निघालं, आणि तेही बहुतेक छावणीतल्या आजारांनी. आपल्या कँटोन्मेंटमधली पाण्याची आणि संडासांची शिस्त तिथून येते.

आपल्या घरातला कागद

तीन वर्षांपूर्वी माझे वडील गेले. मधुमेह वीस वर्षांचा, त्यातून मूत्रपिंडं निकामी झालेली. रुग्णालयातून कागद मिळाला. कारण लिहिलं होतं, हृदयक्रिया बंद पडल्याने मृत्यू. मी तिथल्या तरुण डॉक्टरांना विचारलं, "हृदय तर प्रत्येकाचंच थांबतं. ते का थांबलं, ते लिहायला नको का?" ते म्हणाले, "अंकल, त्याने आता काय फरक पडणार?" मी गप्प बसलो. त्या दिवशी भांडायची ताकद नव्हती.

फरक पडतो. वडिलांना नाही, पण मागे राहिलेल्यांना पडतो. माझ्या मुलांना आपल्या रक्तात काय आहे ते त्या कागदावरून कळणार नाही. आणि गावात किती लोक मधुमेहाने जातात हे मोजणाऱ्याला वडील दिसणारच नाहीत, जशी ती पाच महिन्यांची मुलगी दिसत नव्हती. आपल्या देशात जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. नोंदलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरने कारण प्रमाणित केलेले मृत्यू अजूनही साधारण पाचात एक. २०२३ च्या दुरुस्तीनंतर रुग्णालयाने कारणाच्या दाखल्याची प्रत जवळच्या नातेवाइकालाही द्यायची आहे. ती मागून घ्या आणि वाचा. फक्त 'हृदय थांबलं' असं असेल तर मूळ आजार लिहायची विनंती करा. घरी मृत्यू झाला तर आजार काय होता, किती दिवस होता, हे नोंद करणाऱ्याला नीट सांगा. नुसतं 'म्हातारपण' म्हणून सोडून देऊ नका.

माझ्या बहिणीची कुठेही नोंद नाही. त्या वर्षी आमच्या आळीत आणखी किती बाळं 'दातांत' गेली, आळीचं पाणी कुठून यायचं, हे आता कुणीच सांगू शकत नाही. आई असेपर्यंत तिला वाटत राहिलं की आपलंच काहीतरी चुकलं. ब्रॉड स्ट्रीटवरच्या त्या आईने जे केलं तेच माझ्या आईनेही केलं असेल. आजारी बाळाचे दुपटे धुतले. दोष तिचा नव्हता. विहिरीपासून तीन फुटांवर खड्डा ठेवणाऱ्यांचा होता. हे आईला सांगता आलं असतं तर बरं झालं असतं.

सोहोमध्ये त्या रस्त्याला आता ब्रॉडविक स्ट्रीट म्हणतात. तिथे आठवण म्हणून बिनदांड्याचा हापसा उभा केलाय. कधी लंडनला मुलाबाळांकडे गेलात तर पाच मिनिटं तिथे थांबा.

पुढच्या भागात याच फार साहेबांनी सुरुवातीला कॉलऱ्याबद्दल काय चूक केली आणि ती १८६६ मध्ये कशी सुधारली, ते पाहू. तोवर पाणी गाळून, उकळून प्या, आणि सही करण्याआधी कागद वाचा. जय हिंद.